लेखणी, तळहात आणि काचेची पाटी

(टॅब्लेटवर हाताने लिहिताना येणाऱ्या अडचणींविषयी शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती लेखनाचे पहिले साधन म्हणून आली ती दगडी पाटी. त्या पाटीवर अक्षरे गिरवताना गुरुजींनी आपल्याला एक गोष्ट नकळत शिकवली, ती म्हणजे हात टेकवून लिहावे. करंगळीची कड आणि तळहाताचा खालचा भाग स्थिर राहिला, तरच बोटे मोकळेपणाने फिरतात आणि अक्षराला वळण लागते. पुढे पाटी गेली, वही आली. टाक गेला, बॉलपेन आले. परंतु हात टेकवून लिहिण्याची सवय कायम राहिली. आता शाळेत, पंचायतीत आणि कार्यालयात काचेची पाटी आली आहे. तिला आपण टॅब्लेट म्हणतो. आणि नेमकी हीच जुनी, चांगली सवय या नव्या पाटीवर आपल्याला अडचणीत आणते, असा अनेकांचा अनुभव आहे.

मी तंत्रज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि माहिती खात्यात नोकरी करतो. तेव्हा हे भाषण शास्त्रज्ञाचे नसून, स्वतः ठेचाळलेल्या आणि मग विचारपूस करून वाट शोधलेल्या माणसाचे आहे, असे समजावे.

काही दिवसांपूर्वी एका माध्यमिक शाळेतील गणिताच्या शिक्षिका मला भेटल्या. वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी फळ्यावर खडूने शिकवले. त्यांचे अक्षर असे की, शाळेतील फलकलेखन नेहमी त्यांच्याकडेच असे. वर्गात टॅब्लेट आला आणि त्यावरील लेखन भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दिसू लागले. बाईंनी १२५० ही संख्या लिहिली. मग वरच्या ओळीत काही दुरुस्ती करण्यासाठी हात वर नेला, तेव्हा तळहाताची कड त्या संख्येवर टेकली आणि पडद्यावर १२.५० असे दिसू लागले. मधला ठिपका बाईंनी दिला नव्हता. तो त्यांच्या हाताखाली आपोआप उमटला होता. मुले हसली. पुढे रेघा मध्येच तुटू लागल्या, पान आपोआप वर सरकू लागले. आठ दिवसांनी बाईंनी टॅब्लेट कपाटात ठेवून दिला. ‘‘साहेब, आता वय झालं. हे आमच्या हाताचं काम नव्हे,’’ असे त्या मला म्हणाल्या.

हे वाक्य मला फार लागले. कारण दोष हाताचा नव्हता. तो कोठे होता, ते मी पुढे सांगणारच आहे. परंतु उपकरणाचा दोष माणसाने स्वतःच्या माथी घ्यावा आणि वीस वर्षे कमावलेले अक्षर कपाटात बंद करावे, हे नुकसान लहान नाही.

काच स्पर्श कसा ओळखते?

आजच्या बहुतेक टॅब्लेटच्या काचेखाली अतिशय बारीक, पारदर्शक अशा वाहक रेषांची जाळी असते. ती बहुधा इंडियम टिन ऑक्साइड या पदार्थाची केलेली असते. या जाळीच्या प्रत्येक छेदबिंदूपाशी विद्युतभार धारण करण्याची ठरावीक क्षमता असते. मनुष्याचे शरीर विजेचे वाहक असल्यामुळे बोट जवळ येताच त्या ठिकाणची ही क्षमता किंचित बदलते. उपकरणातील नियंत्रक सेकंदातून अनेक वेळा सारी जाळी तपासतो आणि बदल कोठे झाला ते ठरवतो. दाब किती दिला, याच्याशी काचेला कर्तव्य नाही. विद्युतधारणेवर चालणाऱ्या अशा पडद्याची कल्पना इंग्लंडमधील माल्व्हर्न येथील रडार संशोधन संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली मांडली होती.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. काचेच्या दृष्टीने बोट आणि तळहात यांत मूलतः भेद नाही. दोन्ही कातडीच. तळहात हा तिला एक मोठे, वेडेवाकडे बोट वाटतो. तळहाताकडे दुर्लक्ष करावे आणि लेखणीचेच ऐकावे, हे तिला शिकवावे लागते. या शिकवणीलाच ‘पाम रिजेक्शन’ असे नाव आहे. आपण त्याला ‘तळहात वगळणे’ म्हणू.

लेखणी कोणत्या जातीची?

सर्व लेखण्या दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांच्या तीन जाती आहेत. आपल्या हातातील लेखणी कोणत्या जातीची आहे हे ठाऊक नसेल, तर पुढील सर्व खटपट व्यर्थ जाते.

पहिली जात रबरी किंवा वाहक टोकाच्या साध्या लेखणीची. ती बाजारात सर्वांत स्वस्त मिळते आणि कोणत्याही पडद्यावर चालते, कारण ती केवळ बोटाची नक्कल करते. परंतु याच कारणामुळे काचेला ती लेखणी म्हणून ओळखताच येत नाही. मग तळहात वगळणार कसा? येथे एक सावधगिरीची सूचना करतो. चार्ज होणाऱ्या काही लेखण्यासुद्धा आतून याच जातीच्या असतात. त्या विजेच्या साहाय्याने बोटाची नक्कल करतात, एवढेच. लेखणी चार्ज होते म्हणून ती वरच्या दर्जाची आहे, असे समजू नये.

दुसरी जात सक्रिय लेखणीची. हिच्यात सेल किंवा बॅटरी असते आणि तिच्या टोकातून निघणारा संकेत काचेखालची जाळी ओळखते. ॲपल कंपनीने २०१५ साली आणलेली पेन्सिल आणि मायक्रोसॉफ्टच्या सरफेस उपकरणांची पेन या वर्गात मोडतात. यांची भाषा परस्परांना कळत नाही. एका पद्धतीची लेखणी दुसऱ्या पद्धतीच्या पडद्यावर मुकी होते. ॲपलच्या पहिल्या आणि दुसऱ्या पिढीच्या पेन्सिलीदेखील प्रत्येक आयपॅडवर चालत नाहीत. म्हणून खरेदीपूर्वी आपल्या टॅब्लेटच्या नेमक्या मॉडेलचे नाव लेखणीच्या यादीत आहे की नाही, हे पाहणे आवश्यक आहे.

तिसरी जात विद्युतचुंबकीय लेखणीची. जपानमधील वॅकॉम कंपनीने हे तंत्र विकसित केले. सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट मालिकेत २०११ पासून जी लेखणी आली, ती याच तंत्राची. पडद्याखाली एक स्वतंत्र पट असतो, त्यातून निघणारे चुंबकीय क्षेत्र लेखणीतील वेटोळ्याला जागे करते आणि लेखणी उत्तर देते. लिहिण्यासाठी तिला बॅटरी लागत नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीची लेखणी काचेला टेकण्यापूर्वीच, साधारण एक सेंटिमीटर अंतरावर असताना, उपकरणाला तिची चाहूल लागते. चाहूल लागताच ते बोटांच्या स्पर्शाकडे पाठ फिरवते. शिवाय स्पर्शाचा आकार मोठा असला, तर तो तळहाताचा असावा असा अंदाजही ते करते. या सर्व व्यवस्थेचा पाया एवढाच की, लेखणी आधी जवळ आली पाहिजे आणि तळहात मागाहून टेकला पाहिजे.

देवनागरीचा प्रश्न

आपल्या लिपीच्या बाबतीत एक विशेष अडचण आहे, तिकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. जुने मोडी लेखक पानावर आधी ओळीची रेघ ओढून घेत आणि तिच्याखाली अक्षरे लिहीत जात. आपण देवनागरीत याच्या उलट करतो. बहुतेकजण शब्द लिहून झाल्यावर हात उचलतात, मागे नेतात आणि मग शिरोरेघ देतात. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांसाठीही हात वारंवार उचलावा लागतो. प्रत्येक वेळी हात उचलला की लेखणी काचेपासून दूर जाते, आणि परत येताना सवयीने तळहात आधी टेकतो. त्या क्षणी उपकरणाला लेखणीची चाहूल नसते. म्हणून ते तळहातालाच लेखणी समजते.

दुसरी गोष्ट अनुस्वाराची. हलक्या हाताने दिलेला ठिपका घासलेल्या निबेमुळे गळू शकतो आणि तळहाताचा नको असलेला ठिपका अक्षराच्या डोक्यावर बसू शकतो. ‘वदन’ आणि ‘वंदन’ यांत, ‘रग’ आणि ‘रंग’ यांत एका ठिपक्याचेच अंतर आहे. भाषेच्या तासाला हे हसण्यावारी नेता येईल. परंतु पंचायतीच्या हिशेबात रुपये आणि पैसे यांच्यामधला ठिपका गळाला किंवा नसता पडला, तर ते हसण्यावारी नेता येणार नाही.

तीन परीक्षा

आजार कळल्यावाचून औषध देऊ नये, हे आपण जाणतोच. त्यासाठी पाच मिनिटांत होणाऱ्या तीन परीक्षा सांगतो. वहीच्या ॲपमध्ये एक कोरे पान उघडावे.

पहिली परीक्षा: लेखणी दूर ठेवून नुसता तळहात काचेवर टेकवावा आणि किंचित हलवावा. पानावर खुणा उमटल्या, तर त्या ॲपमध्ये बोटाने लिहिण्याची मुभा चालू आहे. हा दोष सेटिंगचा आहे, हाताचा नव्हे.

दुसरी परीक्षा: हात न टेकवता, केवळ लेखणीने पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, थोड्या थोड्या अंतरावर, सावकाश रेघा ओढाव्यात. सर्व रेघा एकाच जागी तुटत असतील, तर दोष त्या जागेचा आहे. काच, स्क्रीन गार्ड किंवा मागचे कव्हर तपासावे. रेघा कोठेही, अनियमितपणे तुटत असतील, तर दोष लेखणीचा असण्याचा संभव अधिक. रेघा तुटत नाहीत पण थरथरतात, असे असेल तर चार्जर काढून पुन्हा पाहावे.

तिसरी परीक्षा: लेखणीचे टोक आधी काचेजवळ आणावे, मग तळहात टेकवावा आणि एक ओळ लिहावी. यात खुणा उमटल्या नाहीत आणि नेहमीच्या लेखनात उमटतात, तर केवळ क्रम बदलण्याची सवय लावली की काम भागते.

उपाय क्रमाने

उपाय करताना एक पथ्य पाळावे. एका वेळी एकच बदल करावा आणि पुन्हा तपासावे. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही आणि अडचण परत आली की आपण पुन्हा अंधारातच.

प्रथम काच कोरड्या, मऊ कापडाने पुसावी आणि हातही कोरडा करावा. पाण्याचा थेंब किंवा घाम हाही काचेला स्पर्शासारखाच वाटतो. कोकणपट्टीत आणि पावसाळ्यात सर्वत्र हा अनुभव येतो. त्यानंतर उपकरण एकदा बंद करून पुन्हा चालू करावे. उपाय साधा आहे, पण पुष्कळदा तेवढ्यानेच भागते.

दुसरे, ॲपमधील बोटाने लिहिण्याची मुभा बंद करावी. आयपॅडवर सेटिंग्जमध्ये ‘ॲपल पेन्सिल’ या शीर्षकाखाली केवळ पेन्सिलनेच रेखाटन होऊ देण्याचा पर्याय आहे. वहीच्या इतर अनेक ॲपमध्येही असा पर्याय असतो. विंडोजच्या उपकरणावर आपण कोणत्या हाताने लिहितो, हे सांगण्याची सोय आहे. डावखुऱ्या मंडळींनी ती अवश्य वापरावी, कारण लिहिताना त्यांचा हात अक्षरांच्या दुसऱ्या बाजूने येतो. मात्र रबरी लेखणी वापरणाऱ्यांनी सावध असावे. बोटाची मुभा बंद केली की त्यांची लेखणीही बंद पडते, कारण ती बोटाचेच सोंग घेऊन आलेली असते! अशांनी घडी घातलेला कोरडा सुती रुमाल हाताखाली घ्यावा. शाई फिसकटू नये म्हणून आपले वडीलधारे हाताखाली टीपकागद ठेवीत, त्यातलाच हा प्रकार. चित्रकार मंडळी करंगळी आणि अनामिका झाकणारा दोन बोटांचा हातमोजा घालतात, त्याचा उपयोगही हाच.

तिसरे, कव्हर आणि स्क्रीन गार्ड काढून पाहावे. अनेक कव्हरांच्या कडेला चुंबक असतात. कव्हर दुमडून टॅब्लेटच्या मागे घेतले की हे चुंबक पडद्याच्या बरोबर खाली येतात आणि विद्युतचुंबकीय लेखणीच्या कामात विघ्न आणतात. त्याचप्रमाणे जाड किंवा हवेचे बुडबुडे राहिलेला स्क्रीन गार्ड काचेची जाण मंद करतो.

चौथे, चार्जर काढून लिहून पाहावे. निकृष्ट चार्जरमधून येणारा विजेचा गोंगाट काचेखालच्या जाळीपर्यंत पोचतो. मग हात न लावताही स्पर्श उमटतात. चार्जर काढताच सर्व सुरळीत झाले, तर टॅब्लेट निर्दोष आहे, चार्जर बदलावा.

पाचवे, लेखणी पाहावी. निब सैल असेल तर घट्ट बसवावी. झिजून एका बाजूने चपटी झाली असेल तर बदलावी. निब ही झिजणारी वस्तू आहे. बोरूला पुन्हा पुन्हा टोक करावे लागे, तसेच हे. सक्रिय लेखणी असेल तर ती चार्ज आहे का, सेल संपला आहे का, हे पाहावे. ब्लूटूथने जोडली जाणारी लेखणी असेल, तर ब्लूटूथ चालू असल्याची खात्री करून जोडणी तोडावी आणि नव्याने करावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत लेखणी महिनोन् महिने रिकामी ठेवू नये. पूर्ण उतरलेली लिथियम बॅटरी कधी कधी पुन्हा भरतच नाही.

सहावे, दुसऱ्या ॲपमध्ये लिहून पाहावे. एका ॲपमध्ये त्रास होतो आणि दुसऱ्यात होत नाही, तर दोष त्या ॲपचा. ते अद्ययावत करावे किंवा बदलावे. सर्वत्र त्रास होत असेल, तर टॅब्लेटची मूळ प्रणाली अद्ययावत करावी.

एवढे करूनही पडद्याच्या एकाच पट्ट्यात रेघ तुटत राहिली, किंवा काचेला तडा असेल, तर मात्र टॅब्लेट दुरुस्तीसाठी पाठवावा. पाठवताना ‘नीट चालत नाही’ एवढेच लिहू नये. कोणती परीक्षा केली, काय दिसले, कोणत्या जागी दिसले, हे चार ओळींत लिहावे. असे टिपण दुरुस्ती करणाऱ्याचा वेळ वाचवते आणि ‘तुम्हांलाच वापरता येत नाही’ या उत्तरापासून आपले रक्षण करते.

आता त्या बाईंविषयी. आम्ही दोघांनी कपाटातून टॅब्लेट काढला आणि या तीन परीक्षा केल्या. नुसता तळहात टेकताच खुणा उमटल्या. बोटाने लिहिण्याची मुभा चालू होती. ती बंद केली. मग रेघा ओढल्या, तेव्हा त्या उजव्या कडेजवळ एकाच उभ्या पट्ट्यात तुटत होत्या. कव्हर दुमडून मागे घेतलेले होते. ते काढताच रेघा सलग आल्या. बाईंनी १२५० लिहिले, शेजारी हात टेकवला आणि पडद्याकडे पाहिले. ठिपका नव्हता. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी संपूर्ण उदाहरण पायरीपायरीने, त्याच वळणदार अक्षरात सोडवले आणि शेवटी उत्तराखाली दोन रेघा ओढल्या.

मित्रहो, हा प्रश्न केवळ एका वर्गाचा नाही. आपल्या कार्यालयांतूनही असे घडते. लेखणी नीट चालत नाही म्हणून आपण टॅब्लेट एखाद्या तरुण सहकाऱ्याच्या हाती देतो, सोबत परवलीचा शब्दही सांगतो आणि ‘तूच भर’ म्हणतो. नोंद आपल्या नावाने होते, हात मात्र दुसऱ्याचा असतो. त्यात त्या मुलाचा दोष नाही. परंतु जबाबदारी ज्याची, नोंद त्याच्याच हातची असावी, हा कारभाराचा जुना दंडक आहे. पंचायतीतील एखादी भगिनी मोठ्या प्रयत्नाने सही करायला शिकते. काचेवर तिची सही वेडीवाकडी उमटली, तर ‘राहू द्या, अंगठाच लावा’ असे तिला कोणी म्हणू नये. त्याआधी काच पुसावी, कव्हर काढावे, सेटिंग पाहावे आणि तिला पुन्हा एकदा लेखणी द्यावी.

माझी आपणास एवढीच विनंती आहे. आज येथून गेल्यावर आपल्या शाळेतील, आपल्या कार्यालयातील कपाट उघडून पाहा. कोणी थकून बंद करून ठेवलेला एखादा टॅब्लेट तेथे सापडेल. त्याच्यावर तीन परीक्षा करा आणि मग ज्याने तो ठेवला असेल, त्याला बोलावून त्याच्या हाती लेखणी द्या. बहुतेक वेळा हात चांगलाच असतो.